पालना कितना लंबा करूँ?

थायरॉइडच्या बाबतीत कुमुदताईंना शिकवील असा डॉक्टर अख्ख्या दिल्लीत नव्हता, असं खुद्द कुमुदताईंचंच मत होतं! ती पिटुकली पांढरी गोळी त्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असल्यापासून घेत होत्या. त्यामुळे सून रेवतीलाही तीच गोळी लागली तेव्हा त्यांनी ठासून सांगितलं, "काही काळजी करू नकोस. मी आहे!"

दोन वर्षं सुरळीत गेली. आणि या हिवाळ्यात रेवतीचं टीएसएच एकदम वाढलं. म्हणजे गोळी पुरेना! वाढलं ते किती? दिवाळीतल्या रॉकेटसारखं! पोरगी ऑफिसातून मेट्रोनं निघाली की मयूर विहारला उतरायचं सोडून झोपेतच नोएडाच्या शेवटच्या स्टेशनावर पोचायची. चेहरा सुजलेला, कंगव्यात केसांचा पुंजका, आणि बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून भिंतीकडे बघत बसायची.

"तू गोळीवर लगेच चहा पितेस!" कुमुदताईंनी निदान केलं.

"नाही हो आई, तासभर थांबते."

विश्वास कोण ठेवतो! दुसऱ्या दिवसापासून कुमुदताई चहाच्या पातेल्यापुढे स्टूल टाकून बसल्या. जणू सरहद्दीवरचा जवान! चिरंजीव प्रतीकला तर थायरॉइडचा काही त्रासच नव्हता, पण त्यालाही चहा मिळेना.

"आई, यार, माझा काय गुन्हा?"

"बायको थांबते ना? मग थांब तूही!"

पुढचा रिपोर्ट आला. टीएसएच आणखी वर!

त्या दिवशी कुमुदताईंना जेवण गेलं नाही. त्यांनी ठाण्याच्या मैत्रिणीला, इंदुमतीला, फोन लावला. सगळं ऐकून इंदुमती आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, माझ्या भाचीचं अस्संच झालं होतं. ती 'दुसरी' गोळी सुरू केली आणि थायरॉइडचं सगळं बिनसलं. मूल इतक्यात नको म्हणून घेतात ती गं! विचार सुनेला."

विचार म्हणे! पण नाजूक गोष्ट नाजूकपणे विचारण्यात कुमुदताईंचा हात कोण धरणार? आर. के. पुरमच्या दवाखान्यात साताऱ्याच्या प्रभाताई होत्या. खांद्याला कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाची पिशवी अडकवून मराठी घरांतून फिरायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "काय वहिनी, पाळणा लांबवताय ना?" बायका पदराआड हसून माना डोलवायच्या. काय ती शालीन भाषा! आता कुठे राहिली?

कुठेच राहिली नव्हती, हेच कुमुदताई विसरल्या. रेवती जन्मली-वाढली गाझियाबादला. झोपाळा, पाळणा, हिंदोळा, तिच्या लेखी सगळे एकजात झूले! आणि कुमुदताई तेव्हा बसल्या होत्या बाल्कनीतल्या झोपाळ्यावर.

"रेवती, एक विचारू? तुम्ही पाळणा लांबवताय का गं?"

रेवतीनं डोळे चोळले. सासूबाईंचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. "सॉरी आई, माझ्या लक्षातच नाही आलं. अजून नाही लांबवला. पण लांबवू."

"अजून नाही? नक्की?"

"बिल्कुल नाही. प्रतीकला सांगते. पण त्याला एकट्याला नाही जमणार. माणूस बोलवावा लागेल."

"माणूस!"

"रविवारी येईल, ड्रिल घेऊन. थोडी धूळ होईल, बस."

कुमुदताई आत जाऊन घटाघटा पाणी प्यायल्या. पुरुषांची ऑपरेशनं त्यांच्या वेळीही होत. पण ड्रिलनं? घरच्या घरी? एकुलत्या एका मुलावर?

एक मात्र उलगडलं. पाळणा 'अजून' लांबवलेला नाही. म्हणजे ती दुसरी गोळी नाही. म्हणजे पोरीला काहीतरी भलतंच झालंय!

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "और कोई दवा लेती हैं?" रेवतीची जांभई पुरी व्हायच्या आत कुमुदताईच ठणकावून बोलल्या, "बिल्कुल नहीं! मैंने खुद पूछ लिया है!"

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "फिर इतनी गोली जा कहाँ रही है?" त्यांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या. येताना टॅक्सीत रेवती त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. कुमुदताई घर येईस्तोवर तिचा श्वास नीट चाललाय ना, तेच बघत होत्या.

रविवारी बेल वाजली. दारात ड्रिलवाला! कुमुदताई दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "मेरे बेटे को हाथ नहीं लगाना!"

"माताजी, मुझे तो पालना लंबा करना है. कितना लंबा करूँ?"

"वो मियाँ-बीवी तय करेंगे!"

"बैठेंगी आप, तो वो क्यों तय करेंगे?"

"बैठेंगी?"

त्यानं बाल्कनीकडे बोट दाखवलं. मागून रेवती आली. "आई, तुम्हीच म्हणालात ना, पाळणा लांबवायचा?"

झालं! शालीन भाषा तिथेच संपली. "अगं, तो पाळणा नव्हे! पाळणा लांबवणं म्हणजे मूल लांबवणं! तू मूल न होण्याची गोळी घेतेस का, ते विचारत होते मी!"

समोरच्या फ्लॅटचं दार हळूच किलकिलं झालं.

"ओह, पिल? घेते ना. दसऱ्यापासून."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी दवा विचारली. पिल म्हणजे दवा थोडीच? आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच सांगितलंत, मैंने पूछ लिया है!"

तडक फोन लावला. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग समजावू लागल्या. त्या गोळीतल्या इस्ट्रोजेननं रक्तातलं एक प्रथिन वाढतं आणि ते थायरॉइडचं हार्मोन धरून ठेवतं. धडधाकट ग्रंथी जास्त हार्मोन बनवून भरपाई करते, रेवतीची कुठून करणार? मनानं कुठलीच गोळी बंद करायची नाही. थायरॉइडचा डोस थोडा वाढवू, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू. "और माताजी, अगली बार जवाब बहू को देने दीजिए!"

होळीच्या सुमारास रिपोर्ट सरळ आला. रेवती पुन्हा जागेपणी मयूर विहारला उतरू लागली. कुमुदताईंनी त्या दिवशी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

फक्त त्या गोंधळात ड्रिलवाल्याला माप सांगायचं राहिलं होतं. बिचाऱ्यानं साखळी होती तेवढी सोडून दिली! आता कुमुदताई झोपाळ्यावर टेकल्या की गुडघे कानांना लागतात आणि उठवायला दोन माणसं लागतात.

काल संध्याकाळी हात देऊन उठवताना रेवती चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, पाळणा आता छोटा करायचा का? माणूस बोलावू?"

समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

"झोपाळा म्हण, बाई," कुमुदताई कळवळून म्हणाल्या. "झोपाळा!"