निर्दोष काचपट्टी

संस्था कोणतीही असो, तिच्यात दोष असायला हरकत नाही. तो दिसू मात्र नये. राजुऱ्याच्या एका महाविद्यालयाने (नाव सांगत नाही, सगळ्यांनाच आपलं वाटेल) या तत्त्वावर मोठी मजल मारली होती. छत गळे तिथे कुंडी ठेवलेली, त्यामुळे परिसर हरित.

अशा आदर्श ठिकाणी संघप्रिया खोब्रागडेने पीएच.डी.ला विषय घेतला तो नेमका दोषांचा. काचपट्टीवर झिंक ऑक्साइडचा केसाहूनही कितीतरी पातळ थर द्यायचा. त्यात ऑक्सिजनचे काही अणू जागेवर नसले, की जांभळ्या दिव्याखाली तो हिरवा उजळतो. सगळे अणू शिस्तीत बसले, की हिरवा उजेड मावळला. वीज जाऊन जाऊन भट्टी थंड पडे, म्हणून मनासारखी उजळणारी पट्टी तिला एकच साधली होती. तिचा सगळा जीव त्या पट्टीत होता.

मूल्यांकन समिती यायची ठरली आणि प्राचार्य दादाजी बोढे यांनी (तेच तिचे मार्गदर्शक) सर्व विभागांतील दोष तात्काळ दूर करण्याचा आदेश काढला. (प्राचार्यांचे कार्यालय वगळून.)

"संघप्रिया, तुह्या पट्टीत दोष हाये म्हणते. काढता येते का?"

"येते सर. ऑक्सिजनमध्ये तापवलं की जाते. पण मंग उजेडबी जाते. त्या दोषातूनच तर तो निघून राह्यला."

"उजेडाले मार्क नाई. दोषाचे कटते."

"माह्यापाशी एकच पट्टी हाये सर."

"प्रबंधावर सही कोणाची लागते?" सरांनी मायेने विचारले.

संघप्रियाने भट्टी लावली. त्या दिवशी, कधी नव्हे ते, वीज एकदाही गेली नाही.

समितीने दिवा लावला, अंधार पाहिला, 'दोष आढळला नाही' असा शेरा मारला आणि महाविद्यालयाला वरची श्रेणी दिली. फटाके फुटले. पुढे प्रबंध तेवढा परत आला: 'प्रकाश आढळला नाही.' परीक्षक त्याच समितीतले होते.

"विषय बदलून टाक," सर म्हणाले. "निर्दोष थरावर लिही." संघप्रिया घरी जाऊन पोटभर रडली.

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त, तुमच्याकडे स्थळ पाहायला पाहुणे आले तेव्हा, घरभर मोठ्याने हसणाऱ्या ज्या आत्याला 'तेवढा वेळ आत बस' म्हणून तुम्ही दार ओढून घेतलंत, तिला चहा तरी नेऊन दिला होता ना?