लिवून मागणारे वकीलसाहेब

वकील बळवंतराव इंगोले तोंडी शब्दावर विश्वास ठेवत नसत. गवळी म्हणाला, "दुधात पाणी नाही," की ते म्हणत, "लिवून दे." न्हावी म्हणाला, वस्तरा नवा आहे. "लिवून दे." एकदा शेजारच्या जोशांनी पत्रिका पाहून त्यांना ऐंशी वर्षांचे आयुष्य सांगितले. वकीलसाहेबांनी दौत आणि टाक पुढे सरकवला. जोशी चहा न घेता उठले.

साठ सालाच्या आसपास अकोल्यातली वकिली आटोपून ते अमरावतीत आमच्या आळीत राहायला आले. एकटेच होते. सगळ्यांकडून लिहून मागत, पण स्वतः कशावर सही करत नसत. नळासाठी आळीने अर्ज केला, त्यावरही नाही. "सही म्हंजे आपली मुंडी. ते दुसऱ्याच्या हाती काहून द्याची?"

आळीचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होते. नगरपालिकेच्या दवाखान्यात गुरुवारी बायकांची तपासणी असे. वकीलसाहेब नेमके गुरुवारीच तिथल्या व्हरांड्यात छत्री घेऊन बसत. प्रकृती ठणठणीत. कोणी म्हणे, निनावी तक्रारी लिहितात. कोणी म्हणे, त्याहून वाईट काही असेल. मी तेव्हा एका साप्ताहिकात बातमीदार होतो. संपादक म्हणाले, "पाणी मुरतंय. जाऊन बघ." मलाही तसेच वाटत होते.

एका गुरुवारी मी त्यांच्याच बाकावर जाऊन बसलो.

"तुले काय होते?" त्यांनी विचारले.

"पोट दुखतं."

"बायकायच्या दिवशीच दुखते?"

मलाही त्यांना तेच विचारायचे होते.

तेवढ्यात मुलींच्या एका वसतिगृहातली स्वयंपाकीण एका मुलीला धरून घेऊन आली. मुलगी चौदा वर्षांची, भातकुलीकडची. ओठ पांढरे पडले होते. स्वयंपाकीण दारात आलेल्या डॉक्टरीणबाईंना सांगू लागली, "बाहेरची म्हनून मांगच्या ओसरीत बसोली होती, बाई. ताट दुरून सरकवत होतो. आमाले वाटलं, चार दिसात उठन. पंधरवडा झाला, थांबूनच नाही राहिलं. आज पाह्यलं तं हे अशी."

बाजूला बसलेल्या मुलीकडे कोणी पाहायचे नाही, हा वसतिगृहाचा रिवाज. त्यामुळे कोणी पाहिले नव्हते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असल्या तपासणीला बापाची चिठ्ठी हवी."

"बाप कापूस येचाले गेला, बाई. कोन्या वावरात, काय ठाऊक."

"मग तो आला की या."

वकीलसाहेब छत्री टेकत उठले. "बापाची चिठ्ठी लागते, हे कोन म्हनते?"

"रीतच आहे तशी."

"रीत नोका सांगू. बाराच्या आतल्या लेकराची संमती कायदा मानत नाही. हे चौदाची आहे. तिची तिले देता येते. नसन तपासाचं, तं तुमी लिवून द्या, 'मी हिले तपासलं नाही.' खाली सही करा."

त्यांनी खिशातला कोरा कागद पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी कागदाकडे पाहिले. मग सरळ म्हणाल्या, "वकीलसाहेब, कायदा तुम्ही सांगून घरी जाल. उद्या हिचा बाप कुऱ्हाड घेऊन माझ्या दारात आला तर? तुम्हीच द्या लिहून, जबाबदारी तुमची म्हणून."

मी वही बाहेर काढली. आता हा माणूस सटकणार, अशी माझी खात्री होती.

ते मुलीकडे वळले. "बाई, तुले तपासून घ्याचं हाये?"

तिने मान हलवली.

"मान नोको. तोंडानं सांग."

"हो," ती म्हणाली.

वकीलसाहेबांनी कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. "बाप आला तं माह्या घरी धाडा. आन एक. हे काय असते, किती झालं म्हंजे आजार, हे तिले समजून सांगा. मले नाही, तिले."

मग ते अंगणातल्या कडुनिंबाखाली जाऊन दवाखान्याकडे पाठ करून उभे राहिले. मीही मागे गेलो.

बऱ्याच वेळाने मुलगी बाहेर आली. तिला टांग्याने मोठ्या दवाखान्यात न्यायचे ठरले होते. वाचेल, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टांग्यात बसताना मुलगी स्वयंपाकिणीला विचारत होती, "मंग मी काई पाप नोयतं केलं ना?"

वकीलसाहेबांनी छत्री उघडली. आभाळ कोरडे होते.

"दर गुरुवारी का येता?" मी विचारले.

"मले एक लहान बहीन होती. असीच मांगच्या खोलीत बसोली होती. मी मायले इचारलं, बरी होईन काय? माय म्हने, पोरीच्या जातीचं दुखनं आहे, होईन बरी. बहीन वाचली नाही. माय होती ना. मायले कोन लिवून मागते?"

टांगा वळणापलीकडे गेला. त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले.

"छापशीन?"

"तुम्ही आहात तोवर नाही," मी म्हणालो.

मी वाट पाहत होतो. वकीलसाहेबांनी छत्री मिटली, काखेत धरली आणि घराकडे चालू लागले. कागद काही त्यांनी पुढे केला नाही.