तीन दिवस पाव नाही

आजोबांनी फ्रेंचच्या शिकवणीला नाव घातलं ते नातीशी बोलता यावं म्हणून. नात सहा वर्षांची, परदेशात जन्मलेली, आईची फ्रेंच तेवढी बोलणारी. व्हिडिओवर आजोबा दिसले की हात हलवून पळायची. मुलगा चार वर्षांत घराकडे फिरकला नव्हता. तेव्हा नात काय ती तळहाताएवढ्या पडद्यावर, तीही पाठमोरी. आजोबांना ते फार लागायचं.

शिकवणीच्या बाई गोष्टीतून भाषा शिकवत. दर तासाला गोष्टीचा एक तुकडा पाठ करायचा आणि स्वतःच 'मी' होऊन हावभावांसकट सांगायचा. "दुःखाचं लक्षात राहतं," हे बाईंचं लाडकं मत. परिणामी सात तासांत गोष्टीतला म्हातारा जिन्यावरून पडला, त्याचा पाय मोडला, घरातला पाव संपला आणि कुत्राही पळाला. 'नमस्कार, कसे आहात' आठव्या तासाला होतं.

आजोबांना तेवढा दम निघेना. रविवारी सकाळी त्यांनी फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि स्वतः फरशीवर आडवे झाले.

"मी म्हातारा आहे," ते फ्रेंचमध्ये म्हणाले. "मी पडलो. पाय मोडला." मग कण्हले. कण्हणं बाईंनी खास घोटून घेतलं होतं.

नात पहिल्यांदाच पळाली नाही. डोळे मोठे करून ऐकत राहिली आणि मग आईला हाका मारत सुटली. आजोबांना वाटलं, पोरगी कौतुकानं आईला बोलवायला गेली.

सून आली आणि भराभर काहीतरी विचारू लागली. आजोबांना ओ की ठो कळेना. अडलात तर पुढचं वाक्य म्हणा, अशी बाईंची शिकवण. त्यांनी म्हटलं, "तीन दिवस पाव नाही."

सुनेनं दुसऱ्या फोनवरून नवऱ्याला ऑफिसात गाठलं. त्यानं बापाला फोन लावला, पण तो लागेना, कारण त्यावर गोष्ट चालू होती. मग त्यानं शेजारच्या शिंप्याला आणि अॅम्ब्युलन्सला कळवलं. आजोबा कुत्र्यापर्यंत पोचतात तोच शिंप्यानं खांदा मारून दाराची कडी उखडली.

"आजोबा, हलू नका!"

"अहो, गोष्ट तरी पुरी करू द्या! नात ऐकतेय!"

पाठोपाठ स्ट्रेचर घेऊन दोघंजण आले. त्यांच्या गडबडीत तांब्या कलंडला आणि व्हिडिओ बंद पडला. त्यांनी पाय दाबला, वाकवला, सरळ केला.

"ठणठणीत आहे. काय हो, या वयात लोकांना पळवायचं?"

"खोटं नाही हो, शिकवणीचा धडा आहे," म्हणताना आजोबांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा होता.

"बाबा! शनिवारची तिकिटं काढलीत, तिघंही येतोय. पोरगी रडून लाल झालीय, आजोबांकडेच जायचं म्हणते. पण पाय मोडलाय ना नक्की? साधंच काही असेल तर सांगा, तिकिटं रद्द करतो. इथे कामाचा डोंगर पडलाय."

आजोबांनी आपल्या धडधाकट पायाकडे पाहिलं.

"डॉक्टर काय म्हणतात बघू," म्हणत त्यांनी फोन ठेवला. मग आपण होऊन स्ट्रेचरवर जाऊन निजले.

"अहो आजोबा, तुम्हाला काहीही झालेलं नाही!"

"चार वर्षांत काही झालं नाही, म्हणून तर कोणी आलं नाही," आजोबा डोळे मिटून म्हणाले. "उचला."