स्वतः तपासून पाहा

आमदारांनी मतदानाचं बटण दाबलं तेव्हा त्यांची नजर बटणावर नव्हती. ती समोरच्या बाकावरच्या पक्षप्रतोदांवर होती. आदल्याच दिवशी या प्रतोदांनी त्यांना बोलावून घेऊन, दार लावून, "विरोधात मत दिलंत तर पुढच्या वेळी तिकीट विसरा," असं बजावलं होतं. आपण घाबरलेलो नाही हे त्यांना दिसलंच पाहिजे, या इराद्याने आमदारांनी मान ताठ केली, डोळे रोखले आणि बोट अंदाजाने खाली नेलं. मग ते तडक उठून बाहेर पडले, कारण बाहेर पत्रकार उभे होते आणि निषेध गरम असतानाच नोंदवलेला बरा. मागे भिंतीवरच्या फलकावर त्यांच्या नावापुढे हिरवा दिवा लागला. लागायला हवा होता लाल.

विधेयक साधं नव्हतं. लहान गावांतल्या सरकारी दवाखान्यांमधली डायालिसिस केंद्रं बंद करायची आणि सगळी यंत्रं मोठ्या शहरातल्या एकाच रुग्णालयात नेऊन ठेवायची, असा तो कायदा होता. आमदारांच्या गावात असं एक केंद्र होतं. चार खाटा, चार यंत्रं आणि एक नर्स. खिडकीजवळच्या खाटेवर आमदारांची थोरली बहीण आठवड्यातून तीनदा येऊन पडायची. तिला सगळं गाव ताई म्हणायचं. आई गेल्यावर तिनेच आमदारांना वाढवलं होतं. "ताई, मी आहे तोवर तुझं केंद्र हलत नाही," असं आमदार तिला म्हणाले होते, आणि राजकारणात इतकी वर्षं काढूनही ते हे अगदी मनापासून म्हणाले होते.

त्या संध्याकाळी आमदारांच्या कार्यालयात उत्साहाला उधाण आलं होतं. त्यांचा पीए जनसंपर्काच्या बाबतीत स्वतःला फार पोचलेला समजे.

"साहेब, आज तुम्ही वाघासारखे वागलात. हे घरोघरी पोचलं पाहिजे. आत्ताच तुमचा आवाज रेकॉर्ड करू. मतदारसंघातल्या प्रत्येक फोनवर जाईल."

"प्रत्येक?"

"ज्याच्याकडे फोन आहे तो सुटत नाही, साहेब."

आमदारांनी घसा खाकरला आणि बोलले, "नमस्कार. मी तुमचा आमदार बोलतोय. डायालिसिस केंद्रं बंद करण्याच्या विधेयकाला मी पक्षाचा दबाव झुगारून विरोध केला आणि विरोधात मत दिलं. मी शब्दाला जागलो."

"वा! आता शेवटी एक वाक्य टाका," पीए म्हणाला. "'खोटं वाटत असेल तर सभागृहाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासून पाहा.' याने विश्वास वाढतो. तपासत कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रात चारही यंत्रं चालू असताना ताईंचा फोन वाजला. त्या "नमस्कार" ऐकत होत्या तोच शेजारच्या खाटेवरच्या शिंपीकाकांचा वाजला. मग पलीकडच्या दोघांचे. आमदारांचा आवाज चार बाजूंनी, एकामागून एक, थोडा थोडा मागे पडत येत राहिला. ताईंचा ऊर भरून आला.

"ऐकलंत का शिंपीकाका? आमचा बाळ्या बोलतोय."

"ऐकतोय की. चार चार वेळा ऐकतोय," शिंपीकाका म्हणाले. ते तब्येतीने काडीसारखे झाले होते, पण जीभ शाबूत होती. "शर्ट शिवायला यायचा तेव्हा मापं घेताना हलायचा फार. आता ठाम झाला म्हणायचा."

नर्सला काम नव्हतं, यंत्रं आपापली फिरत होती. तिने सहज म्हणून संकेतस्थळ उघडलं. नावं सरकवत ती आमदारांच्या नावाशी थांबली. मग हळूच म्हणाली, "ताई, इथे तर 'बाजूने' लिहिलंय."

"कुणाच्या बाजूने?"

"बंद करायच्या."

तेवढ्यात पाचवा फोन वाजला. तो नर्सचा होता. "नमस्कार. मी तुमचा आमदार बोलतोय..."

संध्याकाळपर्यंत गावाने तपासून पाहिलं. ज्यांना संकेतस्थळ उघडता येत नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी उघडून दिलं. आमदारांना बातमी पीएने दिली, तीही दाराआडून. आमदारांनी आधी त्याला खुळ्यात काढलं, मग स्वतः पाहिलं आणि मटकन खाली बसले.

"पण मी लाल दाबलं होतं!"

"नक्की ना, साहेब?"

आमदार आठवू लागले. त्यांना प्रतोदांच्या भुवया आठवल्या, चष्म्याची काडी आठवली, कपाळावरचा तीळसुद्धा आठवला. बटण काही केल्या आठवेना.

"ते फोन आधी थांबव."

"तीच तर अडचण आहे. आपण तीन दिवसांचे पैसे भरलेत. कंपनीला सुट्टी लागलीये. यंत्र आपोआप लावतं फोन. सोमवारी माणूस येईल तेव्हा बंद होईल."

आमदारांनी सभागृहाच्या सचिवालयात फोन लावला. तिकडचा अधिकारी अतिशय सभ्य होता.

"चूक दुरुस्त करता येते, साहेब. निकाल जाहीर होण्याआधी जागेवर उभं राहून सांगायचं असतं. तुम्ही उभं का नाही राहिलात?"

"मी बाहेर होतो."

"मतदान चालू असताना?"

"निषेध नोंदवत होतो."

"कशाचा?"

आमदारांनी फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. प्रतोद होते, आणि त्यांच्या आवाजात कधी नव्हे ती माया होती.

"मानलं बुवा तुम्हाला! बाहेर विरोध, आत पाठिंबा. लोकही खूश, पक्षही खूश. आम्हाला इतक्या वर्षांत हे सुचलं नाही. माझ्याकडे असं रागाने बघितलंत, मला वाटलं खरंच गेला हा हातातून!"

"साहेब, ते चुकून..."

"आता माझ्यासमोर कशाला नाटक? पुष्पगुच्छ पाठवलाय घरी."

पुष्पगुच्छ आला तेव्हा आमदारांच्या दारात शंभरेक माणसं घोषणा देत उभी होती. तो भलाथोरला होता, दोन माणसांनी धरून आणावा लागला, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत 'पक्षाशी एकनिष्ठ राहिल्याबद्दल' असं लिहिलं होतं. गर्दीने त्याला वाट करून दिली. काहींनी फोटो काढले. घोषणा मग फक्त जोर वाढवून पुन्हा सुरू झाल्या.

पीएने रात्रभर डोकं चालवून तीन खुलासे तयार केले होते. यंत्र बिघडलं होतं, हा पहिला. पण सचिवालयाने तो कानावर येताच यंत्र तपासून घेतलं आणि ते ठणठणीत असल्याचं जाहीरही करून टाकलं. दबावाखाली मत दिलं, हा दुसरा. पण दबाव झुगारल्याचं फोन अजून घरोघरी सांगत होता.

"आणि तिसरा?"

"तिसरा बरा नाही, साहेब. तिसरा म्हणजे खरं काय झालं ते सांगायचं."

मग आमदारांनी गावच्या बाजारपेठेतल्या सभागृहात सभा घेतली. माणूस मावत नव्हता. ताई बाकीच्या तिघा रुग्णांसह पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्या दोन दिवस भावाशी बोलल्या नव्हत्या. आमदार उभे राहिले. त्यांनी भाषण आणलं नव्हतं.

"माझ्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं," ते म्हणाले.

मग मागून कुणीतरी विचारलं, "किती मिळाले?"

"काय?"

"दाबायचे."

"एक पैसा मिळाला नाही. खरंच चुकलो. मी बघितलं नाही."

"आम्हाला काय खुळं समजता? इतकी वर्षं निवडून येताय, दोन बटणांतला फरक कळत नाही होय?"

"हिरवं आणि लाल असतं हो," एका बाईंनी मदत केली.

पीएने कानात सांगितलं, आणि आमदार नको ते बोलून बसले. "तसं बघितलं तर विधेयक मोठ्या बहुमताने मंजूर झालं. माझ्या एका मताने काही फरक पडला नसता."

"मग तुम्हाला तिथे पाठवायचं तरी कशाला?" शिंपीकाकांनी विचारलं. त्यांना आवाज चढवायला जमत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसून ते ऐकावं लागलं.

गोंधळ उठला. कुणी म्हणे पक्षाने बंगला दिला, कुणी म्हणे शहरातल्या रुग्णालयात भागीदारी आहे. आमदारांनी पैसे खाल्ले हे लोकांना पटत होतं. त्यात त्यांना एक प्रकारचा आधारही वाटत होता, कारण पैसे खाणारा माणूस निदान कळतो. एक खुर्ची हवेत उचलली गेली. तेव्हा ताई उठल्या. नर्सने त्यांना धरलं, तो हात त्यांनी सोडवून घेतला.

"खुर्ची खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "हा माझा भाऊ. मी वाढवलाय याला. हा पैसे खाणार नाही, कारण पैसे खायला हुशारी लागते. शाळेत असताना हा आठवडाभर दुसऱ्याच वर्गात जाऊन बसत होता, मास्तरांनी हाकलला तेव्हा कळलं. स्वतःच्या लग्नात शेजारच्या मांडवात जाऊन जेवून आला. याला विचारा, गेल्या वर्षी औषध म्हणून महिनाभर काय घेत होता."

"ताई, पुरे," आमदार कळवळून म्हणाले.

"कुत्र्याचं औषध घेत होता!"

आधी एक जण हसला. मग सभागृह हसलं, आणि हसता हसता त्यांना ते पटलं. खुर्ची खाली आली. लोक आमदारांकडे बघत होते ते आता रागाने नव्हे, तर घरातल्या एखाद्या वेंधळ्या पोराकडे बघावं तसे. आमदारांना यापेक्षा खुर्ची डोक्यात बसली असती तर चाललं असतं.

केंद्र बंद झालं. एके सकाळी ट्रक आला आणि चारही यंत्रं घेऊन गेला. जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे राहिले. नर्सची बदली झाली. आमदारांनी स्वतःच्या खर्चाने एक गाडी ठरवली आणि आठवड्यातून तीनदा चौघांना शहरात नेऊ लागले. पहिल्यांदा ते ताईंसाठी म्हणून गाडीत बसले, नंतर बसतच राहिले. जाताना चौघं बोलायचे, येताना कुणी बोलायचं नाही. रस्ता खराब होता. शहरात यंत्रं पुष्कळ होती, पण रांगही पुष्कळ होती. कधी नंबर लागेपर्यंत अंधार पडायचा.

गाडीत आमदारांना शिव्याही पुष्कळ पडायच्या. "खड्डा बघितलात का, आमदार? की त्याच्यासाठी पण बटण लागतं?" शिंपीकाका विचारायचे. आमदार हातातल्या वहीत खड्डा टिपून घ्यायचे आणि पुढच्या खेपेला तो तिथेच असायचा.

हिवाळ्यात शिंपीकाका एका खेपेला आले नाहीत. "कंटाळा आलाय," असा निरोप होता. पुढच्या खेपेलाही आले नाहीत. आमदार घरी जाऊन विनवून आले. शिंपीकाका खाटेवर पडून म्हणाले, "अहो, इतका वेळ गाडीत बसायचं, ते कशाला? परत गाडीत बसण्याइतकी ताकद यावी म्हणून. यात कापड किती आणि कतरण किती, मला कळतं." चौथ्या दिवशी ते गेले.

त्यांच्या अंगणात माणसं जमली होती. आमदार आणि ताई भिंतीच्या कडेला उभे होते. तेवढ्यात शेजारच्या मतदारसंघाचे आमदार आले, कारण शिंपीकाकांची सासुरवाडी त्यांच्या भागात होती. त्यांनी शिंपीकाकांच्या बायकोपुढे हात जोडले, डोळ्यांना रुमाल लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काकू, मी कडाडून विरोध केला होता हो. एकटा पडलो. काय करणार?"

आमदारांनी त्या मतदानाचं पान इतक्या वेळा वाचलं होतं की कुणाच्या नावापुढे काय आहे ते त्यांना पाठ झालं होतं. ते पुढे आले.

"तुम्हीही हिरवंच दाबलंय. आणि बघून दाबलंय."

शेजारचे आमदार रागावले नाहीत. त्यांनी पुढे होऊन आमदारांच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला आणि लोकांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "दुःखात आहेत. रंगांच्या बाबतीत यांचं जरा असं होतं. तुम्हाला माहीतच आहे."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी शेजारच्या आमदारांसाठी खुर्ची आणून ठेवली. दुसऱ्या कुणीतरी आमदारांना दंडाला धरून सावलीत नेलं आणि पाणी प्यायला दिलं.

गाडी बाहेर उभी होती. मयत अजून घरातून निघायची होती, पण शहरातल्या यंत्राचा नंबर कुणासाठी थांबत नाही. रुग्ण तिघंच बसले. चौथी जागा रिकामी होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बराच रस्ता मागे पडल्यावर ताईंनी खिडकीतून नजर न काढता विचारलं, "त्या माणसाला निवडून कोण देतं रे?"

"लोकच देतात, ताई."

"बटण दाबूनच ना?"

आमदारांनी मांडीवरची वही उघडली. ड्रायव्हरने खड्डा चुकवायचा प्रयत्न केला, तो चुकला नाही.