राणी अंबिकाबाईसाहेबांच्या रक्ताची मात्रा

श्रीआरोग्यलक्ष्मी प्रसन्न. शके सोळाशें बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासीं राजवाडियांत जें वर्तलें तें यथास्थित लिहिलें असे. राणी अंबिकाबाईसाहेब आठ महिन्यांच्या गरोदर, आणि डावा पाय सुजोन जड जाहला, तेव्हां महाराजांचें धैर्य सुटलें. कारण कीं, राणीसाहेबांच्या वडील भगिनी ताईसाहेब यांचा बाळंतपणीं असाच पाय सुजला, आणि रक्ताची गांठ छातीस जाऊन पांचवे दिवशीं त्या निवर्तल्या. मग राजवैद्य गदाधरभट रक्त पातळ करणारें चूर्ण घेऊन आले आणि म्हणाले, "दोन मासे, म्हणजे सोळा गुंजा. सर्वांस हीच मात्रा देतों." राणीसाहेब बोलल्या, "ताईसही हीच दिली होती. मज भय वाटतें."

मग नदीपलीकडील म्हाळसाबाई वैद्यीण यांस पालखी पाठविली. त्यांनीं आधीं माता, आजी, मावशा, कोणाकोणाचे पाय सुजले हें पुसिलें, आणि राणीसाहेबांच्या बोटास सुई टोंचोन काचेवर थेंब घेतला, आणि शेजारीं दासीचा थेंब ठेविला, आणि गोठावयाचा वेळ मोजिला. राणीसाहेबांचा थेंब निम्मे वेळांत गोठला. बाई म्हणाल्या, "यांच्या घराण्याचें रक्तच लवकर गोठतें. दोन मासे यांस पुरणार नाहींत. तेच या दासीस दिले तर हिरड्यांतून रक्त वाहेल."

गदाधरभटांनीं हातांतील चूर्णाची पुडी खालीं ठेविली. "म्हणजे ताईसाहेबांस मात्रा कमी पडली?"

"होय, वैद्यराज. आपणांस तें ठाऊक नव्हतें. उद्यांपासून थेंबाचा वेळ आपण मोजावा."

मग भटजी रोज प्रातःकाळीं थेंब मोजूं लागले आणि बाई गुंज गुंज चूर्ण वाढवूं लागल्या, आणि सूज ओसरूं लागली. कळा येण्याचें चिन्ह दिसतांच चूर्ण थांबविलें, कन्यारत्न जाहलें, आणि रक्तस्राव आटोपतांच पुनः मोजून सुरू केलें. पांचवा दिवस उजाडला तेव्हां वाड्यांत कोणी मोठ्यानें बोलेना. राणीसाहेब उठोन आपले पायीं सज्ज्यापर्यंत चालल्या आणि म्हणाल्या, "मज भूक लागली आहे." गदाधरभटांनीं पागोट्याच्या शेवानें डोळे पुसिले.

सारांश, मायलेकी सुखरूप राहिल्या, आणि पुढें या राज्यांत रक्त पाहिल्यावांचून कोणास तें चूर्ण दिलें नाहीं. महाराज मात्र पांच रात्री जागले होते, ते त्या पांचव्या दिवशीं भर दरबारांत बसल्या जागीं निजले, आणि मानकरी मुजरे करून पाऊल न वाजवितां बाहेर गेले.