तात्यांच्या घरचं बाळंतपण

गंगाराम तात्यांच्या घरी तुम्ही गेलात, तर टेकून बसायच्या आत ते तुमच्या डोक्यामागे वर्तमानपत्र धरतील. पाहुण्याच्या केसांचं तेल मातीच्या भिंतीला लागलं की तिचा दम कोंडतो, असं तात्यांचं म्हणणं. "भिंत जिवंत हाय, साहेब. श्वास घेऊन राहिली ती. टेकू नका!"

श्वासाचं हे खूळ माझ्यामुळेच शिरलं. मी एका संस्थेत इंजिनियर. लोहा तालुक्यात मातीच्या दाबलेल्या विटांची घरं बांधून द्यायची, हे माझं काम. मातीची भिंत श्वास घेते, असं मी गावातल्या बैठकीत बोलून गेलो. सगळे जांभया देत होते, ऐकलं ते एकट्या तात्यांनी. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

तात्या शाळेत शिपाई होते. रिटायर झाले, पण घंटा काही अंगातून गेली नाही. गल्लीतल्या बायका हाताच्या मशीनवर विटा दाबायच्या. तात्या एकेक वीट सावलीत लावायचे, वर पाणी मारायचे आणि बायकांवर ओरडायचे. मी फटफटीवरून उतरायच्या आत हाक यायची, "जय भीम, साहेब! कौलं कवा?" जेवायला बसलं की फोन, कौलं कवा. मेव्हण्याच्या लग्नात अक्षता हातात असताना फोन, कौलं कवा. अहो, मी काय कौलं खिशात घेऊन हिंडतो?

घाईला कारण होतं. तात्यांची एकुलती एक लेक, सुजाता, लातूरकडे दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण, तेही भर मे महिन्यात. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण तात्यांचं जुनं घर पत्र्याचं, म्हणून तिच्या सासूबाईंनी निरोप धाडला होता, त्या पत्र्याच्या भट्टीत आमची सून पाठवणार नाही. तात्यांनी तो निरोप मला इतक्यांदा ऐकवला की सासरी अडकलेली ती सून मीच आहे, असं मला वाटायला लागलं. शेवटी कौलं आणली बाबा एकदाची.

घर झालं. गल्लीतली बाकीचीही झाली. विटा दाबणाऱ्या शोभाबाईंना शेजारच्या गावची कामं मिळाली, यंदा त्या ऊसतोडीला गेल्या नाहीत. अहवालात लिहायला मला एवढं पुष्कळ होतं. दुपारी अख्खी गल्ली गारव्याला तात्यांच्या घरात, आणि तात्या वर्तमानपत्र घेऊन प्रत्येकाच्या डोक्यामागे. लेक येणार की नाही, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

एप्रिलात विहीणबाई घर बघायला आल्या. "काई इचारलं तर सांगायला" म्हणून तात्यांनी मलाही बसवून ठेवलं. बाई भर उन्हातून आत आल्या, पदरानं घाम पुसला आणि खुशाल भिंतीला टेकल्या. तात्यांनी कागद पुढे केला नाही. मी बघतच राहिलो.

"लई गार हाय," त्या म्हणाल्या. उठून मोरी, चूल, संडास, सगळं बघून आल्या. "घर झ्याक हाय, दादा. पर घरात बाईमाणूस कुठंय? पोरीला शेक, लेकराला न्हाऊ, कोन घालनार?"

तात्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. असल्या गोष्टी माझ्या नकाशात नसतात. तात्या खाली बघत म्हणाले, "म्या हाय की."

विहीणबाईंना हसू फुटलं.

"हसू नका, बाई," शोभाबाई दारातून म्हणाल्या. "रोज सकाळी माझ्या नातवाला पायावर घेऊन न्हाऊ घालून राहिले तात्या. शिकायचं म्हनून. आधी दोघंबी रडायचे. आता निस्तं लेकरू रडतंय."

विहीणबाईंचं हसू थांबलं. "हात दाखवा बरं."

तात्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. विटा उचलून उचलून पार भेगाळलेले.

"ह्या हातानं लेकराचं अंग सोलून निघंल," त्या म्हणाल्या. पदर कमरेला खोचला. "पुढल्या हप्त्यात आनते तिला. अन् सव्वा महिना मी बी ऱ्हाते हितं."

सासू सुनेच्या माहेरी बाळंतपण करायला आल्याचं मी तरी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. माझा सगळा शीण त्या एका वाक्यानं उतरला, खोटं कशाला बोलू?

तात्यांचे डोळे गळायला लागले. "तिची माय असती तर..."

"हाव," विहीणबाई म्हणाल्या. "तिच्याच वाटचं करून राहिले मी. शेगडी हाय का घरात?"

शेगडी नव्हती. तात्या ती मागायला शोभाबाईंच्या घराकडे पळत सुटले, तसल्या उन्हात, अनवाणी.