अस्सल सिस्टीम खरेदीची व अर्ध्यांत तोडलेल्या अपडेटाची हकीकत

श्रीविद्युन्माता प्रसन्न असो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद सरतां सरतां जें वर्तमान सुरू जाहलें, तें जैसें घडलें तैसें, पदरचें थोडकें घालून लिहिलें आहे. वाचणारांनीं हंसावें, परंतु मोठ्यानें हंसूं नये, खासे, म्हणजे आमचे धनी, शेजारच्याच खोलींत असतात.

एक राज्य होतें. नांव सांगण्याची आज्ञा नाहीं. विस्तार दोन खोल्या व एक गॅलरी, आणि उद्योग एकच, कीं वर्षाकाठीं एक दिवाळी अंक काढणें आणि उरलेलें वर्ष त्याच्या दमणुकींतून सांवरणें. गादीवर श्रीमंत मोरेश्वरपंत शेंड्ये, संपादक. कारभार त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईसाहेब यांजकडे. आणि हा सेवक मुद्रितें तपासावयास, म्हणजे छापण्याआधीं चुका काढावयास. फौज एवढीच. पंतांचा स्वभाव थोर. कथा कोणाची, कविता कोणाची, याजविषयीं ते उदार असत, परंतु संपादकीय स्वहस्तें लिहीत, आणि तें अकरा पानांहून कमी भरलें तर त्यांस तो अपमान वाटे. तें संपादकीय कोणी वाचीत नसे. सेवक वाची, कारण तें त्याचें काम, आणि तोही जांभया देत वाची. बाईसाहेब पहिला परिच्छेद वाचून "छान झालंय हो" म्हणत आणि आंत जात. पंतांस हें ठाऊक होतें. दरवर्षीं ताजा अंक हातीं देऊन ते बाईसाहेबांच्या तोंडाकडे पाहात उभे राहात आणि मग उगाच चष्मा पुसूं लागत. तें पाहून सेवकास वाईट वाटे, खोटें कां सांगावें.

त्या सालीं पंतांनीं विषय घेतला तो सार्वजनिक जीवनांतील सचोटी. मजकूर संगणकावर टंकला जात असे, आणि त्या संगणकास चालविणारी जी विद्या, जीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती कोणे एके काळीं कोणा मित्राच्या मित्राकडून फुकट आली होती. ती पडद्याच्या कोपऱ्यांत रोज लिहून दाखवी कीं, ही प्रत अस्सल नाहीं. राज्यांत कोणी तिकडे पाहात नसे. भिंतीवरच्या ओलीकडे जैसें कोणी पाहात नाहीं तैसें. एके दिवशीं पंत शेजारीं बसून आणि सेवक त्यांचें संपादकीय टंकीत असतां बाईसाहेब चहा घेऊन आल्या आणि पाठीमागून पडद्यावर वाचूं लागल्या. म्हणाल्या, "अहो, सचोटीवर लिहिताय ते बरंय. पण कोपऱ्यात तो काय म्हणतोय, बघितलंत का?" पंत म्हणाले, "कोण तो?" "संगणक. म्हणतोय की तुम्ही चोर आहात." "चोर नाही म्हणत. अस्सल नाही, एवढंच म्हणतोय." "मग त्यात वेगळं काय झालं?" असें म्हणून बाईसाहेब कप ठेवून गेल्या. पंत लाल जाहले, आणि चहा तैसाच राहिला, आणि मग खासे उठले आणि चपला घालूं लागले आणि बोलिले, "चला. अस्सल आणायची. आत्ता."

मग स्वारी निघाली. पहिल्या दोन दुकानीं किंमत ऐकून स्वारी पायरीवर बसली व पाणी मागविती जाहली. तिसरें दुकान पेठेच्या टोकास रियाजभाई मुजावर यांचें. ते पंतांस पूर्वीपासून ओळखत. म्हणाले, "काका, एक स्वस्तातली आहे. एकाच मशीनला बांधलेली असते. मशीन बदललं की ती तुमच्याबरोबर येत नाही, म्हणून कमी पैशात." पंतांनीं विचारिलें, "पण अस्सल?" "पक्की अस्सल. बिल देतो ना." पंतांनीं बिल मागितलें, वर शिक्का मागितला, शिक्क्यावर सही मागितली, आणि वाटेंत ज्या ओळखीच्याशीं गांठ पडली त्यास तें बिल दाखविलें. दुसरे दिवशीं रियाजभाई येऊन सिस्टीम घालून गेले. कोपऱ्यांतील अक्षरें नाहींशीं जाहलीं. पंत वारंवार त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहात आणि संपादकीयांत आणखी अर्धें पान घालीत.

परंतु अस्सलाची एक खोड असते, ती राज्यास ठाऊक नव्हती. जुनी प्रत कोणास तोंड दाखवीत नसे, म्हणून तीस अपडेट येत नसत. नवी आली ती आपल्या मालकाशीं, म्हणजे बनविणाऱ्या कंपनीशीं, रोज बोलणारी, आणि रोज विचारी कीं, अपडेट घालूं काय? सेवकानें प्रत्येक वेळीं 'नंतर आठवण करा' हें बटण दाबिलें. राज्यांत घरपट्टीपासून दांतदुखीपर्यंत सर्व गोष्टी याच न्यायानें चालत. शेवटीं सिस्टीमनें विचारणें सोडिलें, आणि खंडेनवमीचे सकाळीं, अंकाचा मजकूर पुरा लागून छापखान्यास धाडावयाचा तेवढा राहिला असतां, आपल्या मतानें अपडेट सुरू केलें. पडदा निळा जाहला, मध्यें एक चकती फिरूं लागली, आणि खालीं लिहून आलें कीं, काम चालू आहे, संगणक बंद करूं नका.

त्या दिवशीं राज्यांत शस्त्रपूजा. तलवार नाहीं म्हणून कात्री, स्टेपलर, मुद्रितें तपासावयाची लाल पेनें, आणि मुख्य शस्त्र जो संगणक, त्यांस हळदकुंकू वाहण्याचा व झेंडूची माळ घालण्याचा परिपाठ असे. रियाजभाईंचें बिलही यंदा पाटावर मांडिलें होतें. पंत सोंवळें नेसून आले आणि पाहातात तों यंत्र घुर्र घुर्र करीत आहे. पूजेस बसविलेलें शस्त्र त्या दिवशीं चालवावयाचें नाहीं, हा दंडक. पंत बोलिले, "हे काय? आज याला विश्रांती. बंद करा." सेवकानें पडद्यावरील सूचना वाचिली होती. इंग्रजी येतें, म्हणूनच तो नोकरीस. परंतु 'येथें थुंकूं नये' ही पाटी ज्या भावानें वाचितात त्याच भावानें वाचिली, आणि पडद्यापेक्षां पंत जवळ उभे होते, आणि मग सेवकानें खालचा खटका ओढिला. घुर्रघुर्र थांबलें. पंतांनीं माळ घातली. आरती फार चांगली जाहली.

विजयादशमीस खटका लाविला तों चकती आलीच नाहीं. काळा पडदा, आणि त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकते. रियाजभाईंस फोन केला. त्यांचा सर्व रोगांवर एकच काढा, म्हणाले, "बंद करून परत चालू करा." केलें. "परत करा." परत केलें. मग त्यांनीं विचारिलें, "काका, अपडेट चालू असताना कुणी बंद तर नाही ना केलं?" पंतांनीं सेवकाकडे पाहिलें, सेवकानें झेंडूच्या माळेकडे पाहिलें. पंत फोनांत बोलिले, "पूजा होती हो." पलीकडून आवाज आला, "आणा दुकानात."

रियाजभाईंनीं खटपट करून यंत्र जिवंत केलें, लायसनही शाबूत राहिलें, परंतु सिस्टीम नव्यानें, ताज्या आवृत्तीची, घालावी लागली, आणि राज्याचा जो जुना फॉन्ट, ज्यांत सारा अंक टंकला होता, त्यास नव्या सिस्टीमीनें ओळखच दिली नाहीं. अंक उघडला तों पानोपानीं फिरंगी अक्षरांचा कचरा. रियाजभाईंनीं रूपांतराची एक युक्ति चालवून पाहिली, तिनें काना एकीकडे व मात्रा दुसरीकडे फेंकिली. पंत दुकानांतील स्टुलावर बसले आणि हळूच म्हणाले, "या वर्षी अंक निघत नाही बहुतेक." इतक्या वर्षांत एकही दिवाळी चुकली नव्हती. सेवकास रडूं आलें, तें त्यानें शिंकेवर निभावून नेलें.

बाईसाहेबांनीं हें ऐकिलें आणि पदर खोंचला. पंतांस म्हणाल्या, "कागदावरची प्रुफं आहेत ना? मग बसा. कथा मी घेते, कविता या मुद्रितवाल्यांना द्या, आणि तुमचं ते संपादकीय तुम्ही टंकायचं. मला नाही जमायचं तेवढं." मग राज्यांत अहोरात्र टंकणें सुरू जाहलें. पंतांनीं जन्मांत कळफलकास हात लाविला नव्हता, लेखणीनें लिहीत ते आणि टंकीत सेवक. आतां एका बोटानें एकेक अक्षर शोधूं लागले. 'सार्वजनिक' हा शब्द उमटावयास चहा निवला. पहिल्या दिवशीं अर्धें पान जाहलें आणि बोट सुजलें. दुसरे दिवशीं पंतांनीं एक वाक्य वाचिलें, बोटाकडे पाहिलें, आणि म्हणाले, "हे वाक्य नसलं तरी चालेल." मग परिच्छेद नसला तरी चालूं लागला. मग इतिहासाचा दाखला गेला, मग संस्कृत वचन गेलें, मग "येथे नम्रपणे नमूद करावेसे वाटते" हें जेथें जेथें होतें तेथून गेलें. अकरा पानांचें एक पान राहिलें. पंत कष्टी होऊन म्हणाले, "काही उरलंच नाही हो यात." सेवकानें तें पान तपासावयास घेतलें आणि एकही जांभई आली नाहीं. हें पंतांस सांगण्याचें धैर्य जाहलें नाहीं.

धनत्रयोदशीस सकाळीं छापखान्यांतून अंक आले. पंतांनीं पहिली प्रत स्वयंपाकघरांत नेऊन बाईसाहेबांच्या हातीं दिली आणि तोंडाकडे न पाहातां बाहेर येऊन बसले. काय ऐकावयाचें तें त्यांस ठाऊक होतें. तें "छान झालंय हो" कांहीं आलें नाहीं. मग करपल्याचा वास आला. पंत धांवले, सेवक मागें. पाहातात तों दूध उतूं जाऊन ओट्यावरून खालीं ओघळतें आहे, आणि बाईसाहेब शेगडीशीं उभ्या राहून तें एक पान वाचीत आहेत. पंतांनीं गॅस बंद केला. बाईसाहेबांनीं डोकें वर न काढतां हात केला आणि म्हणाल्या, "थांबा हो, एवढं संपू दे." पंत थांबले. मग फडकें घेऊन खालीं वांकले आणि ओटा पुसूं लागले, आणि पुसून जाहल्यावरही बराच वेळ पुसतच राहिले.

सारांश, सिस्टीम अस्सल आली, फॉन्ट गेला, दहा पानें गेलीं, लीटरभर दूध गेलें, आणि राज्यास एक वाचक मिळाला. याहून लांबविलें तर हेंही कोणी वाचणार नाहीं, सबब लेखणी ठेविली.